शाळेतलं क्षीरभाग्यचं दूध : चांगलं हाय, खरं सगळं कालवणाऱ्याच्या हातात

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत माझी पोरगी तिसरीला आहे आणि मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या पालक-देखरेख समितीत. त्यामुळं हे दूध नुसतं बघितलेलं नाही, पिऊन बघितलंय. क्षीरभाग्य म्हणजे शाळेतल्या पोरांना फुकट दूध द्यायची कर्नाटक सरकारची योजना, सिद्धरामय्या मुख्यमंत्री असताना १ ऑगस्ट २०१३ ला सुरू झालेली. पहिल्यांदा आठवड्याला तीन दिवस मिळायचं, २०१७ पासून पाच दिवस. पालकाला रुपयाही पडत नाही.

दूध म्हणजे कर्नाटक दूध फेडरेशनच्या नंदिनीची पावडर. पोरामागं १८ ग्रॅम, त्याचं दीडशे मिली दूध, वर साखर. गावात नाकं मुरडणारे आहेतच : घरात म्हैस असताना पोरास्नी पीठ कालवून पाजताय होय? अहो, म्हशीचं दूध सकाळीच डेअरीला जातं, पोरांच्या वाट्याला चहापुरतं राहतं, ते कोण बोलत नाही. शिवाय जंगलाकडच्या वाड्यांना पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं की ताजं दूध पोचवणार कोण? पावडर कपाटात असते. फेडरेशनकडं जास्तीच्या दुधाला वाट मिळाली, तेही बरंच झालं.

आता चव. नीट कालवलं तर घट्टसर होतं. आमच्याकडं मात्र मधे पातळ आणि गुठळ्यांचं येत होतं. सकाळी जाऊन बघितलं तर पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय आणि स्वयंपाकाच्या मावशी वरनं पावडर सोडतायत. गुठळ्या होणार नाहीत तर काय? आता त्या आधी कोमट पाण्यात पावडर फेसून घेतात, मग ओततात. पातळपणाचं कारण निराळं, तिथं माप नव्हतं, मूठ होती. चाळीस पोरांना ७२० ग्रॅम पावडर, सहा लिटर दूध, असा हिशेब खडूनं भिंतीवर लिहिला. हेडमास्तरांना ते पहिल्यांदा रुचलं नाही, आता आल्यागेल्याला तेच दाखवतात.

२०२४ पासून आठवड्यातले तीन दिवस दुधात नाचण्याची माल्ट पूड असते. नाचणा आमच्या पोरांच्या ओळखीचा, खरं घरची आंबील ताकातली आणि ही गोड. मोठी पोरं परत ग्लास पुढं करतात, पहिलीतली तोंड वाकडं करतात. पूड तळाला बसते, म्हणून वाढताना पळी खालपर्यंत घालून ढवळायला पाहिजे. नाहीतर शेवटच्या रांगेला गाळच.

वेळेचं एक सांगतो. प्रार्थना झाली की लगेच द्यावं. किती पोरं नुसता चहा पिऊन येतात! उशीर केला तर दुपारच्या बिसी ऊटाचं, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाचं, ताट तसंच राहतं.

पाचातले चार तारे. एक कापला तो सुट्टीनंतरच्या पिशवीसाठी. उन्हाळ्याआधी फोडलेली पिशवी शाळा सुरू झाल्यावर काढली, तिला खवट वास मारत होता. पालकांनी त्या आठवड्यात जाऊन तारीख बघावी, आणि तोंड उघडं असलेली पिशवी दिसली तर ती वापरूच देऊ नये.