साथीच्या काळासाठी पैसा कुठे ठेवावा : पगारी रजा, हजेरी बोनस की ईएसआय?

पंचवीस माणसांचं वर्कशॉप, हातात रक्कम मोजकी, आणि पुढच्या साथीसाठी काहीतरी लिहून ठेवायचं आहे. अशा मालकाने २०२०-२१ चा हिशेब पुन्हा एकदा मांडून बघावा. खालचे दर त्या वेळचे आहेत. आता नव्या कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा धोरणावर सही करण्याआधी चालू दर तपासून घ्या.

एक कामगार धरू. पगार १८,०००, म्हणजे रोजचे ६००. आजारी पडला, चौदा दिवस घरी.

पूर्ण पगारी रजा दिली तर तुमचे ८,४०० जातात. ईएसआयवर, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, सोडलं तर तुमच्या खिशातून नवीन काही जात नाही, ३.२५ टक्के वर्गणी तुम्ही भरतच असता. पण त्याला मिळतात सरासरी वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे रोज ४२०. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, म्हणून बारा दिवसांचे ५,०४०. शिवाय पगार २१,००० च्या आत हवा, आधीच्या सहामाहीत वर्गणीचे ७८ दिवस भरलेले हवेत आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. घरात रुग्ण आहे पण स्वतःला अजून काही झालेलं नाही, असा माणूस हे प्रमाणपत्र कुठून आणणार? त्याला घरी थांबवायचं तर पगारी रजाच द्यावी लागते.

उरलेले ३,३६० आपण घालू, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. तसं जमत नाही. ज्या दिवसाचा रजेचा पगार घेतला, त्या दिवसाचा ईएसआयचा आजारपण लाभ मिळत नाही. म्हणून मी तरी पहिले चौदा दिवस पगारी रजा आणि दुखणं लांबलं तर पुढे ईएसआय, असंच लिहीन. लांबलेल्या दुखण्यात ईएसआय खरंच उपयोगी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

आता हजेरी बोनस. साथीत मालकांना हाच सगळ्यात आधी सुचतो. रोज १०० रुपये जादा, पंचवीस माणसं, २६ दिवस : महिन्याला ६५,०००. तेवढ्यात सात जणांना चौदा-चौदा दिवसांची पगारी रजा देऊन पैसे उरतात. आणि अंगात कणकण असलेला माणूस काय करेल? घरी बसला तर बिनपगारी, म्हणजे रोजचे ६०० गेले, वर १०० गेले. तो क्रोसिन घेऊन मशीनवर उभा राहील. म्हणजे साथ शॉपमध्ये आणायलाच आपण पैसे मोजले.

दिवाळीच्या बोनसचा धागाही इथे येतो. १९६५ च्या बोनस कायद्यात पगारी रजेचे दिवस कामाचे धरले जात, बिनपगारी गैरहजेरीचे नाही. बिनपगारी घरी बसवलेल्याचा ८.३३ टक्क्यांचा किमान बोनसही त्या प्रमाणात घटू शकतो. एकाच दुखण्याचा फटका दोनदा.

ले-ऑफची, म्हणजे काम देता न आल्याने तात्पुरतं घरी बसवल्याची, अर्ध्या पगाराची भरपाई इथे मोजूच नका. ती पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांची गोष्ट. सरकार सांगेल तसं करू, हेही पुरत नाही. २९ मार्च २०२० ला पूर्ण वेतन द्या असा केंद्राचा आदेश निघाला, १८ मेपासून तो मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात तोडगा काढावा म्हटलं.

मृत्यूनंतरच्या आधाराला मालकाला वेगळा खर्च नाही. ईएसआयच्या कोविड योजनेत अवलंबितांना सरासरी वेतनाच्या ९० टक्के होते, पीएफच्या विम्यात कमाल ७ लाख. पण ईएसआयची ती योजना निदानाच्या निदान तीन महिने आधी पोर्टलवर नोंद असलेल्यांनाच लागू होती. तुमच्याकडची हंगामी पोरं अजून वहीतच असतील, तर आधी त्यांची नोंदणी उरका, रजेचे दिवस मग ठरवा.