वापरपुस्तिका कुठे ठेवावी: विकीवर की गिटमध्ये?

सोलापुरात मुक्त सॉफ्टवेअरसाठी लिहिणारे एकत्र बसले की हा वाद निघतोच.

विकीचं दार सगळ्यांना उघडं असतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्याला जीएसटीच्या पानावर चूक दिसली, तर ‘संपादन’ दाबून तो ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. आर्च लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमची विकी अशाच हातांनी उभी राहिली. इतर लिनक्स वापरणारेही तिचा आधार घेतात. पण राखण करणारं कुणी नसेल तर पानं शिळी होतात आणि जुन्या मेनूचं वर्णन वाचून नवा माणूस गोंधळतो.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत, हे बरंच टळतं. बटणाचं नाव बदललं की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) मजकूरही बदलायला लावता येतो, आणि प्रत्येक आवृत्तीची पुस्तिका वेगळी राहते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची पुस्तिका अशीच चालते. मात्र ब्रँच, कमिट असे गिटचे शब्द ऐकूनच आपला हिशेबनीस मागे फिरतो, आणि रोज सॉफ्टवेअर वापरणारा तोच तर असतो!

म्हणून माझ्या मते मूळ पुस्तिका गिटमध्ये आणि अडचणी-उपाय विकीवर. मराठी, कन्नड, तेलुगू भाषांतरासाठी वेबलेट हे वेबवरचं साधन लावावं. ब्राउझरमध्ये भरलेलं वाक्य वेबलेटच गिटमध्ये पोहोचवतं.