गोदावरीसाठी पैसा: जागतिक बँक की पालिकेचे रोखे?

नाशिकच्या तपोवनासारखं मलजल (सांडपाणी शुद्धीकरण) केंद्र उभारायचं, तर जागतिक बँकेचं कर्ज लांब मुदतीचं. पण येतं केंद्र-राज्यामार्फत. सुरुवातीचं शुल्क ०.२५ टक्के, शिवाय मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर वेगळं शुल्क लागू शकतं. जागा ताब्यात नसताना करार केला, तर काम रखडून फुकटचा भुर्दंड बसू शकतो. बँकेच्या २०१८ पासूनच्या पर्यावरण-सामाजिक चौकटीत मात्र पुनर्वसन आणि तक्रार निवारण बंधनकारक आहे, ही मोठी जमेची बाजू.

रोखे म्हणजे पालिकेने थेट गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज. त्यांना सेबीचे (भांडवली बाजाराची नियामक) २०१५ चे नियम: पतमानांकन (परतफेडीच्या क्षमतेची श्रेणी), एस्क्रो खातं (परतफेडीसाठी राखून ठेवलेलं). पुण्याने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभारले. गुंतवणूकदार पालिकेची करवसुली बघतो, सोडलेल्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) नाही.

सिंहस्थाच्या घाईत गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी-वाघाडीचं सांडपाणी अडवायला रोखे बरे; मोठ्या केंद्रांना कर्ज. पंपांचं वीजबिल दोन्हीकडे पालिकेच्याच माथी.