सोलापूरच्या उन्हाधुळीत खिशातला कॅमेरा: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

तीसपट झूमचा, पँटच्या खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन आता वर्ष होत आलं. एक गड्डा (म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा), एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने काढलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. डबा उघडल्यावर आठवडाभरात लिहिलेले रिव्ह्यू मी वाचतो, पण मनावर घेत नाही. नव्याचे नऊ दिवस सगळेच कॅमेरे गुणी असतात. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की ही कंपनी भारी का ती भारी यावरच गाडी जाते, आणि मला जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू आहे.

थोडक्यात माहिती: सेकंडहँड, बिलासकट, बारा हजारांना. सेन्सर १/२.३ इंची, १८ मेगापिक्सेल. लेन्स फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ मिमी (झूम न करता, रुंद दृश्य) ते ७२० मिमी (पूर्ण झूम). स्क्रीन वर उचलता येतो, फ्लॅश बटण दाबल्यावर टुणकन वर येतो. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारी कच्ची फाइल) नाही.

पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न ऐकतोय. पार्क चौकात कॅमेरा बाहेर काढला तर मित्र म्हणाला, "काय बे, मोबाइल विकलास काय?" त्याचं बरोबरच आहे. दिवसाउजेडी घरातले, जेवणाचे, पोरांचे फोटो मोबाइल या कॅमेऱ्यापेक्षा चांगले काढतो. सावली आणि ऊन एकाच चौकटीत असेल तर मोबाइल चार-पाच फोटो जोडून दोन्ही सांभाळतो, माझा कॅमेरा आकाश पांढरंफटक करून टाकतो. हे मान्य करूनच पुढे बोलू. मी हा घेतला तो फक्त लांबचं जवळ आणायला. मोबाइलवर दहापट झूम लिहिलेलं असतं, पण मधल्या किमतीच्या फोनमध्ये ते बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करणंच असतं. काच हलली पाहिजे, तर खरा झूम.

त्याचा पहिला कस लागला गड्ड्यात. सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. सातही नंदीध्वज (यात्रेतले उंच काठ्यांचे मानाचे ध्वज) एका वेळी डोळ्यासमोर हवे असतील तर मागेच थांबावं लागतं, आणि मागून मोबाइलवर येतात ती पांढऱ्या बाराबंदीतली हजार माणसं आणि मध्ये काही उभ्या रेघा. ७२० मिमीवर मात्र ध्वज पेलणाऱ्याच्या मानेवरची ताणलेली शीर दिसते, बाराबंदीची सुटत आलेली नाडी दिसते, आणि बाजूने तोल सावरायला पुढे आलेले चार हात. सकाळचं ऊन असलं की हे फोटो झकास येतात. तेवढ्यासाठी बारा हजार वसूल, असं माझं मत आहे.

संध्याकाळी चित्र पालटतं. झूम पूर्ण लांबवला की या लेन्सचं छिद्र एफ ६.४ वर येतं, म्हणजे उजेड फारच कमी आत जातो. मग कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० नाही तर ३२०० वर चढवतो आणि माणसांच्या चेहऱ्याचा पुठ्ठा होतो. दिवे लागल्यानंतर मी झूमचा नाद सोडतो, लेन्स २४ मिमीवर ठेवतो आणि जवळ जातो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मात्र याने मला चकित केलं. छोटा तिपाई स्टँड, आयएसओ १००, शटर दोन-तीन सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फोटो काढल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ आतल्या आत फोटोतले खरखरीत दाणे साफ करत बसतो आणि तेवढ्यात पुढचे दोन बाण फुटून जातात, ही कटकट आहेच.

यात्रेतल्या फ्लॅशच्या फोटोंची एक गंमत सांगतो. मैदानावर धूळ असतेच. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी, बोटभर अंतरावर असतो, त्यामुळे लेन्सपुढची तरंगणारी धूळ उजळते आणि फोकसबाहेर असल्याने तिचे गोल पांढरे चकते फोटोभर उमटतात. घरी मावशींनी ते फोटो पाहून हात जोडले. मी समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

पण फ्लॅशला नावं ठेवणार नाही. झूमनंतर कॅमेरा बाळगायचं दुसरं कारण तोच आहे. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एलईडीची टॉर्च, आणि याचा झेनॉन फ्लॅश क्षणाच्या बारीकशा तुकड्यात सगळा उजेड फेकतो. कार्यालयातल्या हळदीत नाचणारी पोरं मोबाइलवर फराटे होऊन येतात, यात खिळल्यासारखी येतात. डोळे लाल होतात, ते होतात.

आता उन्हाळा. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर वापराचं तापमान ० ते ४० अंश असं छापलंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला तर कोणी मान वर करून बघतही नाही. म्हणजे कागदावर बघितलं तर दीड-दोन महिने दुपारभर कॅमेरा कपाटातच हवा. प्रत्यक्षात बंद पडला नाही, पण सलग व्हिडिओ काढताना गरम झाल्याची खूण स्क्रीनवर आली, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवलेला कॅमेरा हातात धरवेना, तेव्हापासून डिकी बंद. सुती पिशवीत गुंडाळून खांद्याला लावतो.

त्याहून मोठा त्रास स्क्रीनचा. भुईकोट किल्ल्यात दुपारी उभं राहिलं की स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. ब्राइटनेस पूर्ण वाढवावी तर बॅटरी भराभरा उतरते. मी टोपी काढून स्क्रीनवर सावली धरतो, किंवा स्क्रीन वर उचलून कमरेशी धरतो आणि पोटाच्या सावलीत बघतो. दिसायला विचित्र, पण काम होतं. ७२० मिमीवर उडणारा पक्षी चौकटीत धरायचा तर हे सगळं फोल आहे. व्ह्यूफाइंडर असलेलं मॉडेल थोडं महाग मिळतं. सोलापुरात राहणाऱ्याने तेवढे पैसे जास्त घालावेत.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, त्यांचे सकाळी आठच्या आतले फोटो पिसं मोजता येतील इतके स्वच्छ आले. फेब्रुवारी उलटल्यावर तोच तलाव, तेवढंच अंतर, पण वेळ अकराची, तर पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा. मला आधी फोकस गेला असं वाटलं. फोकस नव्हे, हवा. तापलेल्या जमिनीवर गरम-गार हवेचे थर हलत राहतात, त्यातून येणारा उजेड वाकतो, आणि लांब झूममध्ये तेच थरथरणं मोठं होऊन दिसतं. नान्नजच्या माळावर काळवीट काढतानाही हेच. कितीही भारी लेन्स आणा, दुपारची हवा तिला जुमानत नाही. कोणी 'फुल झूमवर सॉफ्ट आहे', म्हणजे फोटो धूसर येतात, म्हणून कॅमेरा परत करत असेल तर आधी त्याने फोटोची वेळ बघावी.

आणि धूळ. या कॅमेऱ्यांचं खरं दुखणं हेच, कारण झूमची नळी एकात एक बसलेल्या दोन-तीन नळ्यांची असते. ती बाहेर येताना आत हवा ओढते, आत जाताना सोडते. हवेबरोबर धूळ आत जाते आणि सेन्सरवर बसली की बसली. लेन्स सुटी होत नाही, त्यामुळे आपण पुसूही शकत नाही. माझ्या कॅमेऱ्यात सहाव्या-सातव्या महिन्यात डावीकडे वर एक राखाडी ठिपका आला. २४ मिमीवर दिसत नाही, पूर्ण झूम करून निळं आकाश काढलं की स्पष्ट दिसतो. नंदीध्वजाच्या टोकाशेजारी तो ठिपका एखाद्या घारीसारखा दिसतो, त्यामुळे अजून चाललंय.

माझ्या एका मित्राकडे एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट आहे. त्याचा सेन्सर माझ्या सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळाचा, लेन्स उजळ, झूम मात्र जेमतेम तिप्पट. तो यंत्रमागाच्या कारखान्यांत फोटो काढतो. तिथे माझा कॅमेरा घेऊन गेलो होतो, आणि तिथे खरोखर माझा सपशेल पाडाव झाला. शेडमध्ये ट्यूबलाइट आणि एलईडी, बाकी अंधार. मागावर सूत घेऊन धावणारा धोटा गोठवायचा म्हणून शटर वेगवान केलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि वेगवान शटर त्या चढउताराच्या मधेच सापडतं. मित्राने शटर १/५० वर आणायला लावलं. पट्टे गेले, धोटा पुसट झाला, पण चादरीवरचा उमटत जाणारा मोर आणि त्यावर वाकलेले विणकर मामा ठसठशीत आले. धावता धोटा पुसटच बरा दिसतो, हेही कळलं. त्याच्या कॅमेऱ्यातले तेच फोटो मात्र माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होते. कमी उजेडात सेन्सरच्या आकारापुढे कशाचंच चालत नाही.

पण त्याच शेडमधले कापसाचे बारीक तंतू त्याच्या लेन्सला भोवले. एक दिवस नळी अर्धी बाहेर येऊन अडकली, स्क्रीनवर लेन्स एरर. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आत दातेरी चक्रात कचरा गेलाय, उघडलं तरी खात्री नाही, पूर्ण लेन्सचा संच बदलावा लागेल, आणि त्याचे पैसे कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला भिडतात. वर तो संच मिळेल तेव्हा. हे रडगाणं नुसतं आमच्या शहराचं नाही. २०१० साली जगभर असे लेन्स सुटी न होणारे दहा कोटींहून जास्त कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही खाली होता. कंपन्यांनी मॉडेलं बंद केली, सुटे भाग आटले. मित्र आता कॅमेरा बंद असताना झिपच्या पिशवीत ठेवतो आणि शेडमध्ये झूमला हात लावत नाही. मी रबरी फुंकणीने नळीच्या कडा साफ करतो, तेही नळी बाहेर असताना आणि कॅमेरा खाली झुकवून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

बॅटरीचं थोडक्यात: मूळची अजून नीट आहे, दिवसभर झूम वापरून संध्याकाळपर्यंत पुरते, पण व्हिडिओ काढला तर नाही. जास्तीची म्हणून ऑनलाइन घेतलेली स्वस्त बॅटरी उन्हाळ्यात फुगली आणि खणातून निघेना. चिमट्याने काढली. मूळ कंपनीची बॅटरी महाग पडते, तरी तीच घ्या. वायफायने फोटो मोबाइलवर घेण्याचं ॲप आहे, पण कनेक्ट होईपर्यंत चहा होतो; मोबाइलला थेट लावायचा ओटीजी कार्ड रीडर सरळ.

भाचीची गोष्ट वेगळी. तिने दाजींच्या कपाटातून पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरचा कॅमेरा शोधून काढला, कारण कॉलेजात सध्या तीच फॅशन आहे. तिच्या मते त्या फोटोंत 'जुनी जादू' आहे. मला वाटतं ती जादू सेन्सरची कमी आणि समोरून मारलेल्या फ्लॅशची, जळालेल्या पांढऱ्या रंगाची जास्त. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅश लावून, एक्स्पोजर जरा वाढवून कंबर तलावावर काढलेला फोटो तिला दाखवला, तर तिला आपलाच वाटला. अर्थात हे तिला पटलेलं नाही, "मामा, तुला नाही कळणार" म्हणाली. त्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड चालत नाही, ३२ जीबीच्या वर तो ओळखतच नाही, आणि बॅटरी काढली की दरवेळी तारीख विचारतो, कारण घड्याळाचा आतला सेल गेलाय. तारीख न भरताच फोटो काढत सुटल्यामुळे तिचे या वर्षीच्या गणपतीचे सगळे फोटो लॅपटॉपवर २००८ च्या जानेवारीत जाऊन बसलेत.

सेकंडहँड घेणार असाल तर समोरासमोर घ्या, आणि भरदुपारी उन्हात भेटा, म्हणजे स्क्रीन दिसतो का तेही कळेल. झूम सलग दहा वेळा आत-बाहेर करून आवाज ऐका. कचकच आली तर सरळ नाही म्हणा. पूर्ण झूमवर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून तो मोबाइलवर घेऊन मोठा करून बघा, ठिपके तिथेच दिसतात. फ्लॅश दोनदा मारा. बॅटरी काढून खणातल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात का बघा, आणि बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा. फुगलेली असेल तर भोवऱ्यासारखी गरगरते, चांगली असेल तर जागीच अडते.