'फक्त वाहक आहे' असं सांगून विकलं जाणारं पर्शियन पिल्लू

ही फसवणूक खोट्या कागदावर होत नाही, खऱ्या कागदाच्या खोट्या अर्थावर होते. ब्रीडर पिल्लाचा पीकेडीचा, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणाऱ्या 'पॉलिसिस्टिक किडनी' या आनुवंशिक आजाराचा, जनुकचाचणी रिपोर्ट दाखवतो. त्यावर निकाल असतो 'एन/पी', म्हणजे जनुकाची एक प्रत चांगली, एक खराब. घेणाऱ्याने विचारलं की उत्तर तयार: 'हे नुसतं वाहक आहे. आजारी पडायला जनुकाच्या दोन खराब प्रती लागतात.' अनेक आनुवंशिक आजारांत हे खरं असतं, म्हणून पटतंही. इथे ते धडधडीत खोटं आहे.

पॉलिसिस्टिक किडनीचा हा दोष प्रभावी आहे. पीकेडी१ जनुकाच्या 29व्या एक्सॉनमध्ये (जनुकाच्या एका तुकड्यात) डीएनएच्या 'सी' अक्षराच्या जागी 'ए' येतो आणि प्रथिन मध्येच तुटतं. मांजरांच्या जनुकांवर काम करणाऱ्या लेस्ली लायन्स यांच्या गटाने 2004 साली हा बदल प्रसिद्ध केला. एकच खराब प्रत पुरते. दोन्ही खराब असतील तर पिल्लू गर्भातच दगावतं असं मानतात, त्यामुळे या बदलाने आजारी असलेली जवळपास सगळी मांजरं 'एन/पी'च असतात. म्हणजे वाहक म्हणून हातात ठेवलेलं पिल्लू हाच रुग्ण. गाठी हळूहळू वाढतात, मूत्रपिंड बहुधा मध्यम वयात, सात वर्षांच्या आसपास थकतं, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

कधी जनुकचाचणीऐवजी रक्ताचा रिपोर्ट दाखवून 'किडनी नॉर्मल' म्हणतात. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ घटक, मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेल्यावरच वाढतं. पिल्लाच्या बाबतीत त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाची 'स्वच्छ' सोनोग्राफीही तशीच. गाठी तेव्हा दिसण्याइतक्या मोठ्या नसतात, भरवसा दहा महिन्यांनंतरच्या तपासणीवर ठेवावा.

'आईबाप निगेटिव्ह आहेत' हे दोघांचेही 'एन/एन' (दोन्ही प्रती चांगल्या) रिपोर्ट असतील आणि बाप तोच असल्याची खात्री असेल तरच ग्राह्य. एकाच माजात मादी दोन नरांकडून गाभण राहू शकते, हे कोणी सांगत नाही. रिपोर्टवर पंधरा अंकी मायक्रोचिप क्रमांक हवा. तो स्कॅनरने पिल्लाच्या अंगावर, समोर वाचून घ्या आणि रिपोर्टची खात्री थेट प्रयोगशाळेकडून करा. नुसतं नाव आणि रंग लिहिलेला कागद कोणत्याही पिल्लाला चिकटवता येतो.

सर्वांत चांगलं म्हणजे नमुना पशुवैद्याकडून घेणं, चिप वाचूनच. दूध पिणारं पिल्लू आधी तासभर आईपासून वेगळं ठेवा. तोंडात आईच्या पेशी राहिल्या तर निकाल भलताच येऊ शकतो. स्वॅब, म्हणजे नमुना घ्यायची कापसाची काडी, गालाच्या आतून दहा-पंधरा सेकंद फिरवायचा, टोकाला बोट लावायचं नाही, हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. एका पिल्लाचा स्वॅब झाला की हात धुऊन मगच दुसरं उचला.

'एन/एन' आला तरी तो फक्त या एका बदलापुरता. ॲबिसिनियन मांजरातला अमायलॉइडोसिस (मूत्रपिंडात प्रथिन साठत जाण्याचा आजार) यात पकडला जात नाही, त्यामुळे 'किडनीची संपूर्ण हमी' लिहून देणाऱ्यापासून दूर राहा.

'एन/पी' पिल्लू घरी आलंच असेल तर टाकून देऊ नका. काहींचा आजार वर्षानुवर्षं सौम्य राहतो. नसबंदी करून घ्या, कारण निरोगी जोडीदाराकडूनही प्रत्येक पिल्लाला दोष जाण्याची शक्यता 50 टक्के असते. दहा महिन्यांनंतर सोनोग्राफी, मग दरवर्षी रक्त, लघवीची घनता आणि रक्तदाब तपासत राहा. पाणी भरपूर पोटात जाईल असं ओलं अन्न द्या.