नळी चकचकीत होती, पण तेलाने

शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची म्हणून दोन वर्षं पैसे साठवले आणि एका दुपारी वीस मिनिटांत घालवून बसलो. ज्याने मला ती विकली तो अजूनही विकत असणार. त्याने वापरलेल्या युक्त्या त्याच्या एकट्याच्या नाहीत, जुन्या बंदुकांच्या व्यवहारात त्या कायम चालतात. आणि यात नुसता पैसा जात नाही, डोळाही जाऊ शकतो. म्हणून सगळं नीट लिहितोय.

रायफल जुन्या लष्करी माउझर ९८ घडणीची होती. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली ही घडण अत्यंत दणकट आहे. सैन्यातून निघालेल्या अशा हजारो रायफलींना नवा दस्ता बसवून लोकांनी शिकारीसाठी वापरलं, आजही वापरतात. चांगली मिळाली तर कमी पैशांत सोनंच. माझा अभ्यास एवढाच होता, आणि विकणाऱ्याने तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखला.

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली नक्षी, काळानिळा लोखंडी रंग, वर दुर्बीण. "वडिलांची आहे, वर्षाला चार गोळ्या झाडायचे. मी शिकार करत नाही, चांगल्या हातात जावी एवढंच," असं म्हणताना त्याने दस्त्यावरून हात फिरवला. त्या हाताने माझं निम्मं काम तमाम केलं. उरलेलं नळीने. त्याने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढला, नळी खिडकीकडे धरली आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत उजेड आरशासारखा फिरत होता. मी खूश झालो.

तो उजेड तेलाचा होता. खराब नळीत जाडसर तेल फिरवलं की गंजाचे खड्डे भरून निघतात आणि वरून सगळं चकाकतं. कोरडी चिंधी एकदा आरपार ओढली असती तर खोटं तिथेच उघडं पडलं असतं. मी ओढली नाही, कारण समोरच्या माणसाने वडिलांचं नाव घेतलं होतं आणि चिंधी मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. माझी चूक इथेच झाली. माणूस भला असेल तर तो चिंधी स्वतः आणून देतो.

पावतीवर "जशी आहे तशी" हे तीन शब्द होते. सही करताना मी ते वाचले, पण त्यांचा अर्थ लावला नाही.

निशाणेबाजीच्या मैदानावर १०० मीटरवर कागद लावला. पहिल्या तीन गोळ्यांमध्ये २८ सेंटीमीटरचं अंतर. मला वाटलं माझा हात हलला. दुर्बीण हलली असेल म्हणून तिचे स्क्रू आवळले, नेम सरकवणारी चकती फिरवली. आठ टिचक्या उजवीकडे दिल्या तरी गोळी होती तिथेच, कधी उलट डावीकडे. अकराव्या गोळीनंतर कागद जवळ आणून पाहिला आणि पोटात गोळा आला. दोन भोकं गोल नव्हतीच. किल्लीच्या भोकासारखी लांबुळकी होती. म्हणजे गोळी टोकावर न जाता आडवी होऊन कागदातून गेली होती. नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, गोळीला फिरकी देतात. फिरकी मिळाली नाही की ती हवेत कोलांट्या खाते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० सेंटीमीटरचा असतो. या रायफलीने मी जनावर मारलं नसतं, पोट फाडून जंगलात पळवलं असतं. त्या रात्री मला पैशांपेक्षा याच गोष्टीने जास्त छळलं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांकडे नेली. त्यांनी एक शब्द न बोलता अमोनियाच्या द्रावणात भिजवलेली चिंधी नळीतून काढली. ती निळी होऊन बाहेर आली. ते साठलेलं तांबं. दुसरी, तिसरी, सहावी निळीच. मग तपकिरी यायला लागल्या, आणि तो गंज. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारूला ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे जे क्षार उरतात ते मिठासारखे हवेतलं पाणी ओढतात. गोळीबारानंतर नळी पाण्याने धुतली नाही तर आतून सडते. ही नळी कोणीतरी तशीच ठेवून दिली होती, बहुधा अनेकदा.

मग त्यांनी नळीच्या तोंडाशी एक खोटं, दारू नसलेलं काडतूस टेकवलं. गोळीचं टोक थोडं आत जाऊन अडकायला हवं. ते सर्रकन काडतुसाच्या पितळी कवचापर्यंत आत गेलं. नळीचं तोंड म्हणजे गोळीचा शेवटचा आधार. ते झिजलं की बाकी कितीही चांगलं असो, नेम राहत नाही. ही चाचणी कोणालाही करता येते, बोल्ट बाहेर काढलेला असताना, अर्ध्या मिनिटात.

पण खरी भीती पुढे होती. त्यांनी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, तिची लांबी तपासणारी एकेक मापं घातली. "गो" मापावर बोल्ट बंद व्हायला हवा, "नो-गो" वर बंद होता कामा नये. माझा बोल्ट नो-गो वर लोण्यासारखा बंद झाला. त्याहून लांब असलेलं "फील्ड" मापसुद्धा त्याने गिळलं. त्या मापावर बोल्ट बंद झाला की रायफल त्या क्षणी खाली ठेवायची असते. त्यांनी बोल्टच्या मुठीच्या मुळाशी भिंग धरलं आणि मला बघायला लावलं. लष्करी माउझरच्या त्या जागी क्रमांक असतो आणि तो रायफलीच्या क्रमांकाशी जुळावा लागतो. माझ्या बोल्टवर कानशीचे बारीक ओरखडे होते, वर काळा रंग फासलेला. क्रमांक घासून काढला होता. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता.

माझी झाडलेली कवचं त्यांनी मागितली. सुदैवाने मी ती खिशात घालून आणली होती. तळापासून बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा उंचीवर नाही, त्याच्या आतच, पितळेवर एक चकचकीत कडी उमटली होती. चेंबर ढिलं असलं की गोळी सुटताना कवच ताणलं जातं आणि तिथे पातळ होतं. पुढच्या पायरीत ते तुटतं. या रायफलीच्या काडतुसाचा दाब सुमारे ३,९०० बारपर्यंत जातो (गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो) आणि कवच तुटलं तर तो वायू मागे, तोंडाच्या दिशेने येतो. मी अकरा वेळा गाल टेकवून चाप ओढला होता.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे "जशी आहे तशी" वाचून दाखवलं. वडिलांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. क्रमांक घासल्याची तक्रार मी परवान्याच्या कागदांसकट केली. पैसे मात्र आले नाहीत.

माउझरबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण ती फसवणूक नसतानाही जीवावर बेतते. माउझरच्या ८×५७ या काडतुसाच्या जुन्या नळ्या ८.०८ मिलिमीटरच्या गोळीसाठी होत्या. १९०५ नंतरची गोळी ८.२ मिलिमीटरची. नाव जवळजवळ सारखं, फरक एका अक्षराचा. जाड गोळी अरुंद नळीतून झाडली तर दाब भलताच वाढतो. नळीवर काय कोरलंय यावर थांबू नका, जाणकाराकडून मोजून घ्या.

आता कोणी विचारलं की थोड्या पैशांत पहिली रायफल कोणती, तर मी जुन्या देखण्या वस्तूकडे पाठवत नाही. जुनी पारखणारा माणूस सोबत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नवी, साधी, प्लास्टिकच्या दस्त्याची बोल्ट रायफल. रूगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस यांसारख्या रायफली दिसायला रुक्ष आहेत, पण त्यांची नळी आणि चेंबर कोरं असतं, आणि पहिल्या वर्षी तेच लागतं. काडतूस .३०८ विंचेस्टर (१९५२ पासूनचं), किंवा धक्का कमी हवा असेल तर .२४३ विंचेस्टर. दोन्ही जवळपास सगळीकडे मिळतात. नवशिक्याला स्वस्तात मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार काडतुसाची रायफल, देऊ करणाऱ्यापासून दूर राहा. तसली रायफल बऱ्याचदा अशासाठी विकायला निघते की मालकाचा खांदा पाच गोळ्यांत दुखावलेला असतो. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि ती सवय जाता जात नाही. सगळे पैसे रायफलीत घालू नका. दुर्बिणीची पकड, दुर्बीण आणि सरावाच्या गोळ्यांसाठी मोठा वाटा बाजूला राहू द्या. माझ्या दुर्बिणीवर नावाजलेल्या कंपनीचं नाव होतं. नाव नकली आणि आतून मोडकी.

पुढच्या हंगामात मी अशीच एक साधी रायफल घेतली. पहिल्या दिवशी १०० मीटरवर तीन गोळ्या चार सेंटीमीटरच्या आत. कागद अजून जपून ठेवलाय.

आणि ती अकरा कवचंही. जुनी रायफल घ्यायला निघालेला कोणी भेटला की एक कवच त्याच्या हातात देतो, सोबत टोकाशी काटकोनात वाकवलेली बारीक तार. तार आत घालून तळाकडून वर ओढायला सांगतो. चकचकीत कडीच्या जागी ती आतून खटकन अडकते. पितळ किती उरलं होतं ते बोटाला कळतं. नऊ कवचं उरलीत. दोन जण आपापली घेऊन गेले.