मुंबई–नागपूर विमान, काही महिने वापरल्यानंतर: तिकिटावरच्या दीड तासाचा हिशेब

परवा सकाळी दरवाजे बंद झाल्यावर विमान अर्धा तास जागचं हललं नाही, तरी पोहोचल्यावर उशीर नोंदला गेला जेमतेम १० मिनिटांचा. बाकीची मिनिटं कुठे जिरली, ते कळल्याशिवाय या मार्गाचं तिकीट काढू नये.

हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर. ताशी ८३० च्या वेगाने ५० मिनिटांत संपायला हवं, पण उंची गाठण्यात २० मिनिटं जातात, खाली येण्यात २५. पूर्ण वेग मिळतो तो मधल्या थोड्या वेळापुरताच. त्यामुळे चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत ६५ ते ७५ मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडं जास्त, कारण तो वेळ विमान एका पार्किंगमधून हलल्यापासून दुसऱ्यात थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात उशिराची तजवीज आधीच केलेली असते. म्हणून ‘वेळेआधी पोहोचलो’ या घोषणेला मी काडीची किंमत देत नाही.

ही तजवीज लागते ती मुंबईमुळे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या वेळी निघताना रांग आणि परतताना आकाशात घिरट्या, १०-१५ मिनिटं सहज. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ढकलतात, येताना अडवतात. पावसाळ्याच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. तारीख आधी जाहीर होते, ती बघूनच तिकीट काढा.

सुरुवातीला मी दुरांतो रेल्वेच्याच बाजूने होतो: ८३७ किलोमीटर, सुमारे ११ तास, पण रात्र झोपेत जाते आणि हॉटेलचे पैसे वाचतात. सकाळी काम आणि संध्याकाळी परत असं असेल तर आता विमानच घेतो. दारापासून दारापर्यंत मात्र ५ तास धरा: विमानतळ गाठायला तास-सव्वा तास, सामानाचा काउंटर बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद होतो म्हणून तिथे दीड तास, मग प्रवास, पट्ट्यावर बॅगेची वाट, पुढे शहरात जायला अर्धा तास. ७ किलोची एकच बॅग हातात ठेवली की पट्ट्यापाशी जाणारी १५-२० मिनिटं वाचतात. जास्त पैशांच्या पुढच्या सीटने एवढं साधत नाही.

जून २०२५ पासून नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालाय. ७०१ किलोमीटर, कारला कमाल वेग १२०, थांबे धरून ८ तास. कल्याण-भिवंडीकडच्या तीन-चार जणांनी विमानाचे पैसे का घालवावेत, मला समजत नाही.

उशीर २ तासांवर गेला तर या अंतराच्या उड्डाणाला खाणं-पिणं देणं नियमाने बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, काउंटरवर जाऊन मागा. ६ तासांवर गेला तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत.

नागपूरहून निघताना आणखी एक पाहा. बहुतेक वेळा मुंबईहून आलेलंच विमान अर्ध्या-पाऊण तासात परत फिरतं. ट्रॅकिंग ॲपवर ते मुंबईतून उडालंय का बघा. तुमच्या उड्डाणाला दीड तास उरला तरी ते उडालं नसेल, तर तुमच्या उड्डाणापुढे ‘वेळेवर’ लिहिलेलं असलं तरी उशीर ठरलेला. सामान टाकायचं असेल तर तरीही काउंटरच्या वेळेतच पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून काउंटर उशिरा बंद होईल याची खात्री नसते.